पशूंची परीक्षा आणि परीक्षकाची

मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात श्रीसिद्धेश्वराची यात्रा भरते. गावची माणसे तिला नुसते ‘गड्डा’ म्हणतात. सात नंदीध्वजांची मिरवणूक, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, अक्षतासोहळा, होमप्रदीपन आणि शोभेचे दारूकाम ह्यांचे वर्णन वाचकांनी पुष्कळदा वाचले असेल, आणि सोलापूरकरांना तर ते सांगावयासही नको. परंतु ह्या यात्रेतील दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. माझ्याही मनात तो पुष्कळ वर्षे आला नव्हता.

पहिली गोष्ट म्हणजे विजापूर रस्त्यावर, रेवणसिद्धेश्वराच्या देवळाच्या परिसरात यात्रेनिमित्त भरणारा जनावरांचा बाजार. आपल्या जिल्ह्यातील व सीमेपलीकडील कर्नाटकातील शेतकरी तेथे खिलार खोंड, बैलजोड्या, गाई घेऊन येतात. घेणारा प्रथम दुरून पाहतो, मग जवळ येतो, तोंड उघडून दात पाहतो. आदत, दुसा, चौसा, जुळलेला अशी वयाची पायरी दातांवरूनच ठरते. पाठीवरून हात फिरवावा, वशिंड चाचपावे, खूर पाहावेत, अंगावर कोठे वाईट गोम तर नाही ना ह्याचा शोध घ्यावा, चार पावले चालवून पाहावे, आणि मग उपरण्याखाली दोघांचे हात एकमेकांत जाऊन बोटांच्या खुणांनी भाव ठरावा, हा जुना परिपाठ. दुसरी गोष्ट होमाच्या रात्रीची. त्या रात्री दिवसभर उपाशी ठेवलेले एक वासरू आणतात व त्याच्यापुढे धान्य, गूळ, ऊस, बोरे, पानसुपारी इत्यादी पदार्थ मांडतात. ते काय हुंगते, कशाला तोंड लावते, बिथरते की शांत राहते, हे सारा समुदाय श्वास रोखून पाहतो, आणि मानकरी त्यावरून येत्या वर्षाच्या पावसपाण्याची व महागाई-स्वस्ताईची भाकणूक सांगतात.

म्हणजे एकाच यात्रेत एका मैदानावर मनुष्य पशूची परीक्षा घेतो, आणि दुसरीकडे मनुष्यच पशूच्या तोंडाकडे निकालासाठी पाहत उभा राहतो. भाकणूक खरी ठरते की नाही, हा ह्या लेखाचा विषय नाही. माझा प्रश्न पहिल्या मैदानासंबंधी आहे. जिवंत प्राण्याला गुण देण्याचा अधिकार आपण जो सहज गृहीत धरतो, तो न्यायाने वापरावयाचा तर कसा वापरावा? हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. तो माझ्या एका चुकीतून निघाला. म्हणून ती चूक आधी सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. जिल्ह्यातील एका गावी कृषिप्रदर्शनाच्या निमित्ताने जनावरांच्या स्पर्धा होत्या. परीक्षक तिघे असावेत असा नियम होता. एक पशुवैद्य होते, एक जुने जाणते शेतकरी होते, आणि तिसरा ‘निःपक्षपाती’ म्हणून माझी योजना झाली. मी आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. बैलाविषयी माझे ज्ञान ते काय असणार? परंतु अज्ञानालाच निःपक्षपात समजण्याची चूक आपल्याकडे नवी नाही, आणि मानाच्या निमंत्रणाला नाही म्हणण्याचे धैर्यही मला झाले नाही. हाती एक छापील गुणपत्रक आले. रंग, डोके व चेहरा, शिंगे, वशिंड, पाठ, पाय व खूर, कातडी, चाल, एकंदर डौल अशी त्यात सदरे होती व त्यांची बेरीज शंभर होत होती. पत्रक पाहून मला धीर आला. ज्याला सदरे आहेत ते आपल्याला जमेल, असे तर्कशास्त्राच्या शिक्षकाला वाटले तर नवल नाही.

बैलजोडीच्या वर्गात शेवटी दोन जोड्या उरल्या. एक एका सधन गृहस्थाची होती. अंगावर माशी बसली तर घसरावी अशी तुकतुकीत, आणि खांद्याला जू म्हणून कधी न लागलेली. दुसरी एका कोरडवाहू शेतकऱ्याची. बांधा तसाच, शिंगे तशीच, चाल तर अधिक सरळ. परंतु दोन्ही बैलांच्या मानेवर जुवाचे घट्टे पडले होते आणि तेथील केस झडून कातडी राठ झाली होती. ‘कातडी’ ह्या सदरात आम्ही तिघांनीही गुण कमी केले. पशुवैद्यांनी केले, जाणत्या शेतकऱ्यांनी केले, मीही केले. बेरजेत चार गुणांचा फरक पडला व पहिले बक्षीस तुकतुकीत जोडीला गेले. निकाल वाचून झाल्यावर तो शेतकरी जवळ आला. तो रागावला नव्हता. बैलाच्या मानेवर हात ठेवून एवढेच म्हणाला, “साहेब, ह्यो डाग न्हाई. ह्ये त्याच्या कामाचं निशाण हाय.” आणि जोडी घेऊन निघून गेला.

मी त्याला उत्तर दिले नाही, कारण माझ्याजवळ ते नव्हते. पुढच्या वर्षी त्याच प्रदर्शनास मी प्रेक्षक म्हणून गेलो, तेव्हा बैलजोडीच्या वर्गात जू न लावलेल्या जोड्या आदल्या वर्षापेक्षा अधिक दिसल्या. आमचा निकाल गावाने नीट वाचला होता. ज्या बैलाचे सारे मोल त्याच्या श्रमात, त्याने श्रम करू नयेत असे आम्ही तिघांनी सह्यानिशी लिहून दिले होते.

तेव्हापासून पशूंच्या परीक्षेविषयी जे वाचावयास मिळेल ते मी वाचत आलो, आणि ते करताना मला अनपेक्षित ठिकाणी गुरू भेटले. ते म्हणजे सशांची प्रदर्शने. वाचकांस हसू येईल. आपल्याकडे ससा म्हणजे पंचतंत्रातील युक्तिबाज प्राणी, नाहीतर भित्रेपणाची उपमा. परंतु युरोप-अमेरिकेत पाळीव सशांच्या कित्येक जाती मनुष्याने घडवल्या असून त्यांची प्रदर्शने शतकाहून अधिक काळ भरत आली आहेत. बैलाच्या परीक्षेत बाजारभाव, शेती, प्रतिष्ठा असे अनेक हितसंबंध गुंतलेले असतात. सशाच्या परीक्षेत ते त्यामानाने थोडे, म्हणून परीक्षेचे नियमच तेथे अधिक बारकाईने घडवले गेले आहेत. आणि गमतीची गोष्ट अशी की, निरनिराळ्या राष्ट्रांनी ते निरनिराळ्या रीतींनी घडवले आहेत.

अमेरिकेत १९१० साली मूळ धरलेली ससेपालकांची एक राष्ट्रीय संस्था आहे. प्रत्येक मान्य जातीचे आदर्श रूप कसे असावे ह्याचा ग्रंथ ती प्रसिद्ध करते व दर पाच वर्षांनी तो सुधारते. त्यात पन्नासाच्या आसपास जातींची लक्षणे दिली आहेत व प्रत्येक जातीचे शंभर गुण अवयवांत वाटून दिले आहेत. परंतु प्रत्यक्ष प्रदर्शनात परीक्षक सहसा गुणांची बेरीज करीत बसत नाही. एका वर्गाचे ससे मेजावरील खणांत ओळीने ठेवतात. मालकांची नावे परीक्षकास सांगावयाची नसतात. ओळख पटते ती सशाच्या डाव्या कानात गोंदलेल्या खुणेवरून. परीक्षक एकेका सशास हाताळतो, एकमेकांशी ताडून पाहतो, आणि कोणता पहिला व कोणता शेवटचा ते ठरवतो. ह्या रीतीचा विशेष असा की, प्रत्येक सशाविषयी त्याला आपले मत मोठ्याने बोलावे लागते. ह्याचे खांदे भरलेले आहेत, त्याची लव विरळ आहे, असे तो बोलतो. लेखनिक ते टिपून घेतो, आणि मेजाभोवती उभे असलेले मालक ते ऐकतात.

जर्मनीची तऱ्हा वेगळी. तेथे ससा दुसऱ्या सशाशी ताडला जात नाही. तो आदर्शाशी ताडला जातो. प्रत्येकाचे स्वतंत्र पत्रक असते. वजन, बांधा, लव, जातीची विशेष लक्षणे, निगा अशा सदरांत गुण लिहून शंभरांपैकी बेरीज मांडतात, आणि ९७ च्या पुढे जाणारा ससा विरळा. शिवाय एका पालकाच्या काही सशांचा गट करून त्या सर्वांच्या गुणांची एकत्र बेरीज करण्याचीही चाल तेथे आहे. एखादा ससा दैवयोगाने सुरेख निपजू शकतो. गटाचा गट चांगला निपजला तर त्यात पालकाची विद्या दिसते. इंग्लंडात जातिलक्षणांचे गुण ठरलेले आहेत, पण निर्णय मुख्यतः तुलनेने होतो. तेथे कानात खूण गोंदण्याऐवजी मागल्या पायात संस्थेचे क्रमांकित कडे घालतात, आणि प्रदर्शनांनाच एक ते पाच ताऱ्यांची श्रेणी दिलेली असते, म्हणजे विजय कोठला ह्यावरून त्याचे वजन कळावे. स्वीडनमध्ये १९७० नंतरच्या दशकात आणखी निराळा प्रकार निघाला. तेथे सशाला दोरी लावून लहान लहान अडथळ्यांवरून उड्या मारावयास लावतात. कान किती लांब हे तेथे कोणी मोजत नाही. उडी नीट पडली की नाही एवढेच पाहतात.

ह्या सर्व तपशिलांत एक जुना तात्त्विक प्रश्न लपलेला आहे. तुलनेने निर्णय केला म्हणजे पहिला क्रमांक कोणास तरी मिळतोच. सगळेच निकृष्ट असले तरी त्यांतील कमी निकृष्ट तो ‘प्रथम’ ठरतो. आदर्शाशी ताडून निर्णय केला म्हणजे हा दोष जातो. सभागृहात एकही उत्तम प्राणी नसला तर तसे लिहिता येते. परंतु मग दुसरे संकट उभे राहते. आदर्श लिहिणाऱ्याने जे लिहिले नाही त्याला शून्य गुण मिळतात. पत्रकात ‘श्रम’ असे सदर नाही, म्हणून श्रम दिसत नाहीत; ‘कातडी’ आहे, म्हणून घट्टा दिसतो. आमच्या प्रदर्शनात नेमके हेच घडले.

आपल्या नैयायिकांनी ह्या प्रश्नाचा विचार फार प्राचीन काळी केला आहे, आणि योगायोग असा की त्यांचे उदाहरण गाईचेच आहे. ‘गाय’ ह्या शब्दाचा अर्थ काय? समोर उभी असलेली ही एक गाय, म्हणजे व्यक्ति? की तिची आकृति? की सर्व गाईंत असणारे गोत्व, म्हणजे जाति? गौतमाच्या न्यायसूत्रांत ह्याचा विचार होऊन निर्णय असा दिला आहे की, शब्दाच्या अर्थात तिन्ही येतात. गाईचे लक्षण सांगताना आपले शास्त्रकार सास्ना, म्हणजे गळ्याखाली लोंबणारी पोळी, पुढे करतात, हे तर्कशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. पशूंच्या लक्षणांवरून त्यांची परीक्षा करण्याचे शास्त्रही आपल्याकडे नवे नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गाय, कुत्रा, कोंबडा, बोकड, घोडा, हत्ती ह्यांच्या लक्षणांना वेगवेगळे अध्याय दिले आहेत. म्हणजे प्रदर्शनातील परीक्षक जे करतो ते हेच की, व्यक्तीच्या ठिकाणी आकृति पाहून जातीचा निकाल देतो. न्यायशास्त्राने मात्र व्यक्तीला अर्थातून वगळले नव्हते. आमच्या गुणपत्रकाने ते केले. ज्या बैलाने एका कुटुंबाचे रान कित्येक वर्षे नांगरले तो बैल त्या पत्रकात नव्हताच. तेथे होती फक्त एक खिलार आकृति, आणि तिच्या मानेवर एक उणीव.

येथे कोणी म्हणेल की, एवढे मनाला लावून घेण्याचे कारण काय? बक्षीस म्हणजे एक ढाल, एक फेटा, वर्तमानपत्रात एक छायाचित्र. बैलाला तर त्याचा पत्ताही नाही. हा आक्षेप मला पुष्कळ दिवस पटत असे. सशांच्या इतिहासाने तो माझ्यापुरता निकालात काढला.

इंग्लंडात लांब कानांच्या लोंबकर्ण सशांचा नाद एकोणिसाव्या शतकात भरात होता. १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या, पाळीव प्राणी व वनस्पती ह्यांत होणाऱ्या बदलांवरील आपल्या ग्रंथात डार्विनने अशा सशांची मापे दिली आहेत. एका कानाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत २२ इंच भरणारे ससे त्या वेळी प्रदर्शनात येत असत. एकच कान लोंबत असला तर कवटीच्या हाडांतही दोन बाजूंना फरक पडतो, असे त्याने सांगाडे तपासून दाखवले. आज अमेरिकेच्या लक्षणग्रंथात ह्या इंग्रजी जातीसाठी किमान २१ इंचांची अट आहे. एवढे कान वागवताना ते स्वतःच्याच पायाखाली येतात, जखमी होतात, त्यांची निगा राखण्यासाठी पालकाला सतत जागरूक राहावे लागते. सशाने हे कान मागितले नव्हते. ते एकेका बक्षिसाने इंचाइंचाने वाढवले.

ह्याहून बिकट उदाहरण बुटक्या सशांचे आहे. एका डच जातीचा मोठा ससाही अमेरिकेतील नियमाप्रमाणे अडीच पौंडांच्या, म्हणजे सुमारे १.१३ किलोच्या आत असावा लागतो. गोल डोके आणि आखूड कान ही त्याची शोभा. ही शोभा एका आनुवंशिक घटकातून येते. तो घटक आई किंवा बाप ह्यांपैकी एकाकडून मिळाला तर पिल्लू मोहक बुटके होते. दोघांकडूनही मिळाला तर पिल्लू जगत नाही. जन्मतःच फार लहान असते आणि थोड्याच दिवसांत मरते. म्हणून लक्षणांत उत्तम अशा दोन बुटक्या सशांचा संयोग केला तर सरासरीने चारांतील एक पिल्लू मरावयाचेच. हे पालकांस ठाऊक असते. दयाळू पालक वेगळी जोडी जुळवून हे टाळूही शकतो. परंतु प्रदर्शनाच्या मेजावर जो ससा येतो त्याच्या पत्रकावर त्याच्या मेलेल्या भावंडांसाठी सदर नसते.

म्हणजे बक्षीस हा केवळ झालेल्या गोष्टीचा गौरव नव्हे. विजयी नराला मागणी येते, त्याची संतती वाढते, हरलेल्याची थांबते. आज दिलेला गुण हा अजून न जन्मलेल्या प्राण्याच्या शरीराविषयी दिलेला हुकूम आहे. जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्यात, ज्या पैदाशीमुळे संततीस यातना होतील ती पैदास करू नये असे एक स्वतंत्र कलम आहे, ते ह्याच जाणिवेतून आले. मात्र कायदा शेवटी येतो. त्याआधी परीक्षकाचा हात येतो, आणि त्याच्या मागे आपल्या सर्वांची आवड.

आता घरी परत येऊ. माण, आटपाडी, सांगोला ह्या दुष्काळी टापूत धनगर-ठिल्लारी लोकांनी व शेतकऱ्यांनी जी खिलार जात जोपासली, तिची लक्षणे कोणी मेजावर बसून कल्पिली नव्हती. घट्ट कातडी, आखूड पोळी, कणखर खूर, लांब पावलाची चपळ चाल, ह्या प्रत्येकामागे एक काम होते. उन्हात, खडकाळ वाटेने, थोड्या चाऱ्यावर बैलाने मोट ओढावी, गाडी ओढावी, कुळव चालवावा, म्हणून ही लक्षणे निवडली गेली. पुढे मोट गेली, ट्रॅक्टर आला, आणि लक्षणांच्या खालचे काम निघून गेले. लक्षणे तेवढी लोंबकळत राहिली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात त्यांना पुन्हा अनुमती मिळाली, आणि २०२३ साली घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. ह्या प्रत्येक निकालाची चर्चा प्राण्याला यातना होतात की नाही आणि संस्कृती कोणती ह्या मुद्यांवर झाली, व ती योग्यच होती. परंतु बाजारात हात फिरवणाऱ्याच्या मनात एक साधा प्रश्न उभा होता: ज्याला आता नांगर नाही, त्या बैलाची परीक्षा कशासाठी करावयाची? वेगासाठी, की केवळ रूपासाठी?

रूपाची वाट कोठे जाते ह्याची खूण आपल्या शेजारीच दिसते. जत तालुक्यातील माडग्याळ गावावरून नाव पडलेल्या मेंढीचे नाक पोपटाच्या चोचीसारखे वाकलेले असते. २०२० साली आटपाडीच्या बाजारात अशा एका मेंढ्याला ७० लाख रुपयांची मागणी आली व मालकाने ती नाकारली, असे वृत्तपत्रांनी छापले. मालकाचा अभिमान मी समजू शकतो. माडग्याळी मेंढी अंगाने भरदार असते व तिचे मोल पुष्कळ अंशी त्यात आहे, हेही खरे. तथापि भाव जेव्हा नाकाच्या वळणावर चढू लागतो, तेव्हा इंग्लंडातील सशाचे कान मला आठवतात. उलट उदाहरण पंढरपुरी म्हशीचे घ्यावे. खांद्यापलीकडे तलवारीसारखी गेलेली तिची शिंगे छायाचित्रात प्रथम भरतात. परंतु कोरड्या हवेत, थोड्या वैरणीवर टिकून नियमाने विणे हा तिचा खरा गुण. आणि तो मेजावर, मैदानावर किंवा छायाचित्रात दिसत नाही. तो गोठ्यात, वर्षानुवर्षे पाहणाऱ्या माणसालाच दिसतो.

ह्यावर उपाय म्हणून परीक्षाच नको, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. ज्याची कोणी परीक्षा करीत नाही त्याची कोणी जोपासनाही करीत नाही. खिलार, पंढरपुरी, उस्मानाबादी शेळी ही नावे टिकली ती पिढ्यान् पिढ्या कोणी तरी पारखून निवड केली म्हणूनच. प्रश्न परीक्षा करावी की नाही हा नसून परीक्षकाने कोणते बंधन मानावे, हा आहे.

माझ्या मते बंधने दोन आहेत. पहिले माणसाच्या बाजूचे. जो निकाल कारणांसह, मालकाच्या तोंडावर, मोठ्याने बोलता येत नाही, तो देऊ नये. अमेरिकेतील सशांच्या परीक्षकाला हे करावे लागते. आम्हाला करावे लागले नाही. आम्ही गुण दिले, बेरीज केली, निकाल वाचला. त्या दिवशी मला जर उभे राहून त्या शेतकऱ्यास सांगावे लागले असते की, “तुमच्या जोडीचे चार गुण गेले, कारण तिने काम केले आहे,” तर वाक्य अर्ध्यावरच माझी जीभ अडखळली असती, आणि पत्रक चुकले आहे हे मला तेथेच कळले असते. आकड्याची सोय अशी आहे की, तो लाजत नाही. म्हणून आकडा लिहिणाऱ्याने आपले कारण उच्चारून पाहावे. हे मी पुढे परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासतानाही करू लागलो, आणि पुष्कळदा लेखणी थांबली.

दुसरे बंधन प्राण्याच्या बाजूचे. कारण मालकाला सांगता येते, बैलाला नाही. जो ऐकू शकत नाही त्याच्या वतीने परीक्षकाने स्वतःलाच एक प्रश्न विचारावा: हा गुण मी दिला आणि सर्वांनी त्याचा पाठपुरावा केला, तर त्याची किंमत कोणाच्या अंगावर पडेल? घट्ट कातडीची किंमत प्राण्याला पडत नाही. उलट ती त्याला उपयोगी आहे. एकवीस इंची कानांची पडते. जुवाचा घट्टा म्हणजे श्रमाचे निशाण, हे खरे. पण तो घट्टा जखमेपर्यंत गेला असेल तर ते मालकाच्या निष्काळजीपणाचेही निशाण आहे, आणि त्या शेतकऱ्याच्या वाक्यावर भाळून मी तेही विसरता कामा नये. म्हणजे कातडीच्या सदरात पाहावयाचे होते ते डाग आहे की नाही हे नव्हे, तर डाग कशाचा आहे हे. तेवढे पाहण्यासाठी मान जवळून पाहावी लागली असती, बोटाने चाचपावी लागली असती, मालकाला दोन प्रश्न विचारावे लागले असते. आमच्याजवळ वेळ होता. आम्ही पत्रकाकडे पाहत होतो.

२०२२ साली लम्पी रोगाने जनावरांचे बाजार बंद पडले, तेव्हा गोठ्यात उभ्या असलेल्या जनावरांकडे बाजाराच्या डोळ्यांनी पाहावयास कोणी येत नव्हते. त्या दिवसांत एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेलो होतो. आजारी खोंडाच्या अंगावरील गाठींना तो औषध लावीत होता. एरवी त्या खोंडाची शिंगे, वशिंड, रंग ह्यांचे कौतुक तो मला ऐकवीत असे. त्या दिवशी तो फक्त एवढेच म्हणाला की, आज ह्याने थोडी वैरण खाल्ली. मला वाटले, परीक्षा हीही आहे, आणि हिला शंभराची बेरीज नाही.

म्हणून होमाच्या रात्रीचे वासरू मला आता निराळे दिसते. त्याच्या हुंगण्यातून पावसाचा अंदाज निघतो की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु त्या घटकेपुरते तरी, हजारो माणसे एका पशूकडे त्याचा भाव न करता, त्याचे दात न मोजता, त्याला काय हवे आहे आणि त्याला भीती वाटते आहे की काय, एवढेच टक लावून पाहत असतात. ते दिवसभराचे उपाशी असते, हेही मी विसरत नाही. आपल्या प्रश्नासाठी त्याला उपाशी राहावे लागते, आणि त्याची भूक लवकर शमवणे हे आपल्याकडे लागते. तरीसुद्धा ती पाहण्याची रीत बाजाराच्या मैदानात थोडी नेता आली तर बरे होईल. पुन्हा कोणी मला परीक्षक म्हणून बोलावील असे वाटत नाही. बोलावलेच, तर पत्रक हाती घेण्याआधी मी प्रथम बैलाच्या मानेवर हात ठेवीन, आणि त्याच्या धन्याला विचारीन की, हा काय काम करतो.